बी कशाने भाजते? मातीतून उष्णता किती वाहते ते आपणच मोजू

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



भावाचे आणि कर्जाचे बोलायला माझ्यामागून बोलणारे आहेत. मला अर्धा तास मिळाला आहे आणि तो मी मातीच्या तापमानावर खर्च करणार आहे. 'हा आता शाळेचा तास घेणार' असे काहींच्या मनात आलेच असेल. पण ज्याच्या घरात एकाच जूनमध्ये दोनदा कपाशीची पाकिटे आली आहेत, त्याला हा विषय शाळेचा वाटणार नाही. दुबार पेरणीचा खर्च कोणाच्याही हिशेबात धरला जात नाही. तो निमूटपणे आपल्या घरातून जातो. म्हणून ती का होते हे समजून घेण्याची गरज दुसऱ्या कोणाला नाही, आपल्याला आहे.

सुरुवात माझ्याच फजितीने करतो. २०२३ साली मृगाच्या तोंडावर आमच्याकडे एक सर पडली. रान वरून काळेभोर झाले, वास सुटला आणि गावात पाकिटे सुटली. मीही चार एकर टोकण केली. मग पावसाने दडी मारली. तो खरा आला जूनच्या अखेरीला. तोवर माझ्या रानात निम्म्याहून जास्त जागा रिकाम्या. नांग्या भरायच्या म्हटले तर नवीन पेरा करण्याइतकाच खर्च. आम्ही बियाण्याला शिव्या घातल्या. विकणारा म्हणाला, बियाणे चांगले आहे, तुम्हीच घाई केलीत. सल्ला देणारे म्हणाले, पाऊस नव्हता म्हणून उगवले नाही.

पण दोन गोष्टी मला खटकत होत्या. एक, त्याच पाकिटातले, त्याच दिवशी टोकलेले बी नाल्याकडच्या खोलगट पट्ट्यात चांगले उगवले होते. म्हणजे दोष बियाण्याचा नव्हता. दुसरी, मी रिकाम्या जागा उकरून पाहिल्या. पाणीच मिळाले नसते तर बी कोरडे, टणक, जसेच्या तसे राहिले असते. हे बी फुगलेले होते, काहींना मोडही आला होता आणि मग ते तपकिरी पडून मेले होते. त्याला पाणी मिळाले होते. ते जागे झाले आणि जागे झाल्यावर भाजले.

हवेचा आकडा बियाण्याच्या कामाचा नाही

रेडिओवर, आता मोबाईलवर, रोज सांगतात की आज कमाल तापमान ४१ अंश. हे तापमान जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवरच्या, झडपांच्या पांढऱ्या पेटीतल्या, सावलीतल्या हवेचे असते. आपले बी त्या पेटीत नाही. ते उघड्या काळ्या रानात, दोन-तीन बोटे खाली आहे. मे महिन्याच्या दुपारी उघड्या काळ्या मातीचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर जातो. अनवाणी चालणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. मग बियाणे आहे तिथे किती? ते पृष्ठभागाच्या आकड्यावरून कळत नाही आणि हवेच्या आकड्यावरूनही कळत नाही. कारण मधे माती आहे आणि ती उष्णता किती खाली जाऊ देते यावर सगळे ठरते.

हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही संस्था आहे. १९८० च्या दशकात तिथे ज्वारीच्या उगवणीवर याच अंगाने काम झाले. काही ठिकाणी मातीवर कोळशाची भुकटी पसरून ती जास्त तापवली, काही ठिकाणी पांढरी केओलिन माती पसरून ती थंड ठेवली. पाणी सगळीकडे सारखे. माती ४५ अंशांच्या पुढे गेली की ज्वारीची उगवण झपाट्याने घसरते. कपाशीच्या बियाण्याला तिशीच्या आसपासची माती मानवते, चाळिशीच्या पुढे तेही हाल सोसते. कोरडे बी जास्त उष्णता काढते. भिजून जागे झालेले बी काढू शकत नाही. माझ्या रानात झाले ते हेच.

माती उष्णता कशी नेते

माती म्हणजे तीन गोष्टी: मातीचे कण, त्यांच्यामधले पाणी आणि उरलेल्या जागेतली हवा. तिघांची उष्णता वाहून नेण्याची ताकद अगदी वेगळी आहे. ती मोजण्याचे माप असे: एक मीटर जाडीचा, एक चौरस मीटर तोंडाचा तुकडा घ्या. त्याच्या दोन बाजूंत एक अंशाचा फरक ठेवा. दर सेकंदाला जेवढी उष्णता पलीकडे जाते तो त्या वस्तूचा आकडा. हवेचा आकडा आहे ०.०२५. पाण्याचा ०.६. चिकणमातीच्या कणांचा सुमारे २.९. म्हणजे पाणी हवेच्या चोवीसपट नेते आणि मातीचा कण पाण्याच्याही जवळजवळ पाचपट.

मग कोणी म्हणेल, कण इतके चांगले नेतात तर कोरडी माती उष्णता चांगली नेत असेल. तसे नाही. कोरड्या, भुसभुशीत मातीत कण एकमेकांना नुसते टोकाला टेकलेले असतात. दोन गावे जवळ आहेत, दोन्हीकडे रस्ते चांगले आहेत, पण मधल्या ओढ्यावर पूल नाही, तशी ही गत. मधली हवा उष्णता अडवते. पाणी आले की ते आधी कणांच्या टेकायच्या जागी जाऊन बसते आणि तिथे पूल बांधते. वाळूत हे पूल थोड्या पाण्यात बांधले जातात. आपल्या काळ्या मातीत चिकण फार. पहिले पाणी त्या बारीक कणांच्या अंगाला पापुद्र्यासारखे चिकटून राहते, पूल बांधायला उरत नाही. म्हणून काळ्या रानाला जास्त पाणी लागते.

पुस्तकात पाहाल तर कोरड्या चिकणमातीचा आकडा सुमारे ०.२५ आणि पाण्याने पूर्ण भरलेलीचा सुमारे १.६ दिलेला असतो. सहापटीचा फरक! आता मला सांगा, माझ्या रानाचा आज आकडा किती? पुस्तक सांगू शकत नाही. कारण तो आकडा मातीच्या जातीवर जितका ठरतो, त्याहून जास्त तिच्यातल्या पाण्यावर आणि ती दाबलेली आहे की मोकळी यावर ठरतो. तो रानातच काढावा लागतो.

जुनी युक्ती

हे काम प्रयोगशाळेशिवाय होते. १८३७ साली स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला जेम्स फोर्ब्स नावाच्या प्राध्यापकाने तीन ठिकाणी जमिनीत लांब दांड्यांचे तापमापक पुरले. एक जागा ज्वालामुखीच्या खडकाची, एक बागेतल्या वाळूची, एक वालुकाश्माच्या खाणीतली. प्रत्येक ठिकाणी चार तापमापक, सर्वांत खोल जवळजवळ पावणेआठ मीटर. मग वर्षानुवर्षे नोंदी. त्यात दिसले की उन्हाळ्याची उष्णता लाटेसारखी खाली उतरते. उतरताना दोन गोष्टी होतात: लाट लहान होत जाते आणि उशिरा पोचते. खडकातल्या सर्वांत खोल तापमापकाला उन्हाळा कळायचा तो जानेवारीच्या सुमारास, वर थंडी पडलेली असताना! लाट किती लहान झाली आणि किती उशिरा पोचली, यावरून कोणती जमीन उष्णता किती नेते ते गणिताने काढता आले. तिघांत वालुकाश्म सर्वांत पुढे निघाला. हे गणित फूरिये नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १८२२ सालीच छापले होते.

आपल्याकडेही हे काम जुने आहे. १९३२ साली पुण्याला हवामान खात्यात शेतीच्या हवामानाची शाखा निघाली. तिचे प्रमुख डॉ. एल. ए. रामदास यांनी काळ्या मातीच्या तापमानाच्या नोंदी घेतल्या. काळ्या मातीवर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर दिला तर खालची माती किती थंड राहते हेही तिथे मोजले गेले. आजही कृषी वेधशाळांत ५, १० आणि २० सेंटिमीटर खोलीचे मातीचे तापमान रोज नोंदवतात. पण ती वेधशाळेच्या आवारातली माती. तुमच्या रानातली नव्हे.

फोर्ब्सला वर्षाची लाट हवी होती म्हणून वर्षे लागली. आपल्याला वरच्या वीतभर मातीशी काम आहे. तिथे रोजची लाट पुरते. दिवसा चढते, रात्री उतरते. म्हणजे आपले काम एका रात्रंदिवसात होते.

मोजायचे कसे

दोन तापमापक घ्या. तापाचा नको, तो ४२ अंशांवर थांबतो. प्रयोगशाळेतले लाल अल्कोहोलचे चालतात किंवा वायरच्या टोकाला सळई असलेले आकड्यांचे मिळतात तेही चालतात. आधी दोन्ही एकाच बादलीतल्या पाण्यात बुडवून दहा मिनिटे ठेवा. दोघांत फरक दिसला तर लिहून ठेवा आणि नंतर वजा करा. ही पायरी कोणी टाळू नये.

मग रानात हातभर खड्डा घ्या. त्याच्या उभ्या भिंतीत, वरून मोजून ५ सेंटिमीटरवर एक आणि १५ सेंटिमीटरवर एक, असे तापमापक आडवे आत खुपसा. वरून भोक पाडून उभे घालू नका, भोकातून उष्णता सरळ खाली जाते आणि आकडा खोटा येतो. खड्डा त्याच मातीने, त्याच क्रमाने भरून टाका. वायर किंवा काचेचे टोक तेवढे बाहेर. वरची जागा बाकीच्या रानासारखीच उघडी राहिली पाहिजे. त्यावर सावली धरू नका, पाय देऊ नका.

एक दिवस माती बसू द्या. मग निरभ्र दिवस पाहून सकाळी ६ पासून दुसऱ्या सकाळी ६ पर्यंत दर तासाला दोन्ही वाचा आणि वहीत लिहा. एकट्याने होत नाही. तिघांनी पाळ्या लावा, राखणीला जातोच ना आपण? ढग आले किंवा पाऊस आला तर तो दिवस सोडून द्या.

वहीवरून दोन गोष्टी काढायच्या. पहिली, प्रत्येक खोलीवर सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी तापमानातला फरक. त्याला चढउतार म्हणू. वरचा चढउतार भागिले खालचा चढउतार हे आपले गुणोत्तर. दुसरी, वरच्या तापमापकाने कळस गाठल्यावर खालच्याने किती तासांनी गाठला तो उशीर.

आता गणित तुम्ही करायचे नाही, मी करून आणले आहे. तापमापकांत बरोबर १० सेंटिमीटर अंतर असेल तर:

गुणोत्तर २ आले तर उशीर सुमारे २ तास ४० मिनिटे, मातीचा आकडा ०.७५.
गुणोत्तर २.५ आले तर उशीर साडेतीन तास, आकडा ०.४३.
गुणोत्तर ३ आले तर उशीर सुमारे सव्वाचार तास, आकडा ०.३०.
गुणोत्तर ४ आले तर उशीर ५ तास २० मिनिटे, आकडा ०.१९.
गुणोत्तर ५ आले तर उशीर ६ तास १० मिनिटे, आकडा ०.१४.

हा उष्णता मातीत किती वेगाने पसरते त्याचा आकडा आहे, चौरस मिलिमीटर दर सेकंदाला या मापात. यातली गंमत अशी की गुणोत्तर आणि उशीर हे एकमेकांचे साक्षीदार आहेत. दोघांनी एकच साक्ष दिली तर मोजणी खरी. गुणोत्तर ४ सांगते आणि उशीर तीनच तासांचा, असे झाले तर कुठेतरी गडबड आहे. तापमापक हलला असेल, ढग आले असतील किंवा वरची माती मोकळी आणि खालची दडपलेली असे दोन वेगळे थर असतील. पुन्हा मोजा. कोणाचेही ऐकून आकडा मान्य करू नका, माझेही नाही.

पसरण्याच्या आकड्यावरून वाहून नेण्याचा आकडा काढायला एक वजन करावे लागते. एक लिटरचा डबा तळ काढून मातीत दाबा, आतली माती काढून तोला. मग ती तव्यावर मंद आचेवर पूर्ण कोरडी करून पुन्हा तोला. घट झाली ते पाणी. कोरड्या मातीचे किलो गुणिले ०.८, अधिक पाण्याचे किलो गुणिले ४.२. ही बेरीज म्हणजे एक लिटर माती एक अंशाने तापवायला किती किलोज्यूल उष्णता लागते तो आकडा. त्याला पसरण्याच्या आकड्याने गुणले की झाला वाहून नेण्याचा आकडा. पुस्तकातल्या ०.२५ आणि १.६ शी ताडून पाहायचा तो हाच.

माझ्या वहीतले दोन दिवस

पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, मी हे केले. पहिली मोजणी मे महिन्यातली. रान वखरून मोकळे, कोरडे. ५ सेंटिमीटरवर कमी २९, जास्त ४७. चढउतार १८. १५ सेंटिमीटरवर कमी ३५.५, जास्त ४०. चढउतार साडेचार. गुणोत्तर ४. वरचा कळस दुपारी साडेतीनच्या पुढे, खालचा रात्री ९ ला. साक्ष जुळली. लिटरभर मातीत १.१ किलो कोरडी माती आणि १०० ग्रॅम पाणी. हिशेब केला: ०.८८ अधिक ०.४२, म्हणजे १.३. गुणिले ०.१९. उत्तर जवळजवळ ०.२५.

दुसरी मोजणी चांगला पाऊस होऊन वाफसा आल्यावर, उघडिपीच्या दिवशी. ५ सेंटिमीटरवर २६ ते ३६, चढउतार १०. १५ सेंटिमीटरवर २९ ते ३३, चढउतार ४. गुणोत्तर अडीच. कळस पावणेतीनला आणि सव्वासहाला. लिटरभर मातीत १.२ किलो कोरडी माती, ३५० ग्रॅम पाणी. ०.९६ अधिक १.४७, म्हणजे २.४३. गुणिले ०.४३. उत्तर १.०४.

एकच रान. ०.२५ वरून १.०४. चौपट!

आता या आकड्यांकडे नीट पाहा. खाली १५ सेंटिमीटरवर दोन्ही वेळा चढउतार जवळजवळ सारखाच, साडेचार आणि चार. पण वर, जिथे आपण बी ठेवतो तिथे, एकदा १८ आणि एकदा १०. आपल्याला वाटते की कोरडी माती उष्णता नेत नाही म्हणजे ती बियाण्याला उन्हापासून राखते. उलट आहे. नेत नाही म्हणूनच उष्णता वरच्या तीन बोटांत तुंबते. पाणी निघायला वाट नसली की घरासमोर तुंबते तसे. आणि आपण बी नेमके तिथेच ठेवतो. ओली माती तीच उष्णता खाली वाटून देते. शिवाय ओल्या मातीला तापायलाच जास्त उष्णता लागते आणि वाफ होऊन जाणारे पाणीही उष्णता घेऊन जाते. तिन्ही गोष्टी बियाण्याच्या बाजूच्या.

आता २०२३ ची माझी चूक तुमच्या लक्षात येईल. एका सरीने वरची चार बोटे भिजली. बी जागे झाले. खालची माती कोरडी, गादीसारखी. दोन-तीन दिवसांच्या उन्हात वरचा थर सुकला, पूल तुटले, उष्णता तुंबली आणि जागे झालेले बी तिच्यात सापडले. नाल्याकडच्या पट्ट्यात खालपर्यंत ओल होती, तिथे उष्णतेला खाली वाट होती. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असे कृषी खाते सांगते. ते मुख्यतः रोप जगावे म्हणून, ओलीचा भरवसा असावा म्हणून. पण त्यात हेही एक कारण आहे आणि ते कोणी सांगत नाही.

मग करायचे काय

पहिली गोष्ट. पेरणीआधी बियाण्याच्या खोलीवर दुपारी तीन-चारच्या सुमारास तापमापक घाला. चोवीस तासांची मोजणी वर्षातून दोनदा पुरे, पण ही एक नोंद रोज घेता येते. चाळिशीच्या वर आकडा आणि आभाळ स्वच्छ असेल तर पाकीट फोडू नका. शेजाऱ्याचे तिफन चालले म्हणून आपले चालवू नका. आणि हाताने पाहा, ओल वीतभर खाली सलग गेली आहे का? मधे कोरडा थर असेल तर ती ओल फसवी.

दुसरी गोष्ट, खोली. गुणोत्तर ४ च्या मातीत दर ५ सेंटिमीटर खाली गेल्यावर चढउतार निम्मा होतो. दोन सेंटिमीटर जरी खाली गेले तरी तो चौथ्या हिश्शाने कमी होतो. रब्बी ज्वारी ओलीवर खोल पेरायची हे आपल्या वाडवडिलांचे तंत्र होते, त्याच्यात हे गणित बसते. पण याचा अर्थ कपाशीही खोल घालावी असा नाही. वर पापडी धरली तर तिला डोके काढता येत नाही. प्रत्येक पिकाची मर्यादा पाहून बोटभर फरक करायचा.

तिसरी, दाब. पेरणीमागे फळी फिरवून तास दाबतो ते उगीच नाही. कण जवळ येतात, बियाण्याला ओल भिडते आणि उष्णतेलाही खाली वाट होते. ढेकळांच्या पोकळीत पडलेले बी हवेत पडल्यासारखे असते.

चौथी गोष्ट याच्या अगदी उलट आहे, म्हणून लक्ष देऊन ऐका. पेरताना जी मोकळी कोरडी माती वैरी, तीच पीक उभे राहिल्यावर मित्र होते. रब्बी ज्वारीत आपण कोळपे धरतो. वरची दोन-तीन बोटे माती मोकळी होऊन सुकते. पूल तुटतात. दुपारची उष्णता त्या थरातच अडते, खालच्या ओलीपर्यंत कमी पोचते. खालचे पाणीही वर चढायची वाट तुटते आणि भेगा बुजतात. मुळे खाली आहेत, वरचा थर तापला तरी त्यांना त्रास नाही. एका कोळपणीने अर्धे पाणी दिल्यासारखे होते असे जुने लोक म्हणत. त्यांनी आकडा काढला नव्हता, पण रान वाचले होते. बी वर असते तेव्हा उष्णतेला वाट द्या, मुळे खाली गेली की वाट बंद करा. चार शब्दांत सांगायचे तर एवढेच.

पाचवी, आच्छादन. पऱ्हाटीचे तुकडे, तुरीचा पाला, काडीकचरा ओळीमधे पसरला तर ऊन मातीला लागतच नाही. त्यात अडकलेली हवा उष्णता अडवते, पण ती मातीच्या वर अडवते, बियाण्याभोवती नव्हे. बांधावर पेटवून देण्याऐवजी एका एकरात करून पाहा आणि शेजारच्या उघड्या पट्टीत दुसरा तापमापक ठेवा. फरक डोळ्यांनी दिसेल.

पेवाची गोष्ट

शेवटी पेवाविषयी, कारण इथे ज्वारीवाले बरेच बसले आहेत. रोजची लाट हात-दीड हातात विरते. वर्षाची लाट त्याच मातीत १९ पट खोल जाते, कारण तिला उतरायला ३६५ पट वेळ मिळतो आणि खोली वेळेच्या वर्गमुळाने वाढते. माझ्या कोरड्या रानात रोजच्या लाटेचा जोर सुमारे ७ सेंटिमीटरमध्ये एक तृतीयांशाच्या थोडा वर उरतो. वर्षाच्या लाटेचा तेवढाच उरायला १.३ ते १.४ मीटर लागतात. म्हणजे तीन-चार मीटर खोल पेवाच्या तळाला मेचा उन्हाळा फार थोडा पोचतो आणि तोही काही महिने उशिरा. म्हातारे लोक पेवासाठी उंचवट्याची, पाणी न मुरणारी, कोरडी जागा शोधत आणि आत कडब्याचे अस्तर लावत. कोरडी जागा दाण्याला बुरशीपासून राखते आणि उष्णतेपासूनही. ओली जागा दोन्हीकडून घात करते. ज्याच्याकडे धान्य टिकते तो सुगीत मिळेल त्या भावाला विकायला बांधलेला नसतो. मातीचा हा आकडा असा थेट आपल्या खिशाशी येऊन भिडतो. पेव उघडल्यावर आत कोंडलेली हवा जीवघेणी असते, ती निघून गेल्याशिवाय कोणी उतरू नये, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

मित्रांनो, बियाणे मेले की आपण तीन जणांवर खापर फोडतो: कंपनीवर, सरकारवर आणि नशिबावर. कंपनीचे आणि सरकारचे चुकत असेल तिथे आपण भांडूच. पण भांडायला पुरावा लागतो. उगवण झाली नाही म्हणून तक्रार घेऊन जाल तेव्हा पहिला प्रश्न येईल की माती तापलेली होती, तुम्ही घाई केलीत. त्या दिवशी वहीत तारीख, वेळ आणि बियाण्याच्या खोलीवरचा आकडा लिहिलेला असेल तर बोलणाऱ्याचे तोंड बंद होते. आणि आकडा आपल्या विरुद्ध निघाला तर पुढच्या वर्षीचे एक पाकीट वाचते. दोन्हीकडून फायदा आपलाच.

माझी मागणी लहान आहे. प्रत्येक तालुक्यातून तीन गावांनी हे काम घ्यावे: एक भारी काळीचे, एक मध्यम, एक बरड मुरमाड. मेमध्ये एक मोजणी, पावसानंतरच्या पहिल्या वाफशावर दुसरी. शाळेत जाणारी पोरे-पोरी बरोबर घ्या, वही त्यांच्या हातात द्या, त्यांचे गणित आपल्यापेक्षा बरे असते. पुढच्या जिल्हा मेळाव्याला प्रत्येकाने आपली वही आणावी. आपण त्या शेजारी शेजारी मांडू. मग आपल्या जिल्ह्यातल्या मातीचा आकडा कोणाला विचारायची आपल्याला गरज राहणार नाही.